गाडी चढाला ओढत नाही

पुण्याहून राजगडाच्या पायथ्याच्या पालीला जायला फार तर दोन तास लागतात. मला जाऊन-येऊन दोन दिवस लागले, आणि त्यातला बराच वेळ मी बॉनेट उघडून उभी होते. राजगड पाहिला तो खालून, मान वर करून. तेव्हा गडाचे बुरूज आणि चोरवाटा वाचायला जे बसले असतील त्यांची मी आधीच माफी मागते. हा प्रवास एका म्हाताऱ्या गाडीचा आणि तिच्या मालकिणीचा आहे.

दोघींचं वय सांगून टाकते. गाडी सतरा, मी चौसष्ट. तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. पन्नाशीला गाडी शिकायला गेले तेव्हा क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर या तिघांशी माझं काही केल्या जमेना. शिकवणाऱ्याने हात टेकले. मग माझा नवरा, श्रीधर, कुठूनतरी ही तीन वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक घेऊन आला. "हिला क्लचच नाही. आता काय सबब सांगशील?" म्हणाला. तेव्हापासून गाडी मी चालवायची आणि त्याने डाव्या सीटवर बसून रस्ता, आकाश आणि माझ्या चुका बघायच्या, अशी वाटणी झाली.

सव्वादोन वर्षांपूर्वी श्रावणात तो गेला. डावी सीट आहे तिथेच आहे. मी तिच्यावर पर्ससुद्धा ठेवत नाही.

यंदा दसरा झाला आणि गाडी बिघडली. सिग्नलवरून निघताना दोन क्षण विचार करायची, चढ आला की इंजिन बोंब मारायचं आणि वेग मात्र कमी कमी होत जायचा. याचंच नवल वाटत होतं, कारण दसऱ्याला तिचं सगळं यथासांग केलं होतं. धुतली होती, हार-लिंबू-नारळ झाला होता. श्रीधर करायचा तसं गिअरबॉक्सला अर्धी बाटली लाल ऑइलही पाजलं होतं. "माणसाला श्रीखंड, गाडीला ऑइल," असं तो दरवर्षी म्हणायचा आणि दरवर्षी स्वतःच हसायचा.

मुलगा बेंगळुरूला असतो. त्याने फोनवरून निकाल दिला. "आई, रविवारी एक माणूस गाडी बघायला येईल. देऊन टाक. टॅक्सी मागवत जा ना." त्याचं काही चुकत नव्हतं. पण साधी गाडी मला येत नाही, नवी ऑटोमॅटिक या वयात कुणी घेऊ देणार नाही. ही गेली की माझं गाडी चालवणं संपलं. पुढे आयुष्यभर कुणाच्यातरी मागच्या सीटवर.

आम्ही दरवर्षी दिवाळीनंतर पालीला हिराबाईंकडे नवा तांदूळ आणायला जायचो. तो गेल्यापासून मी गेले नव्हते. म्हटलं, विकायचीच आहे तर एकदा पाली करून येऊ. शुक्रवारी सकाळी निघाले.

शिवरे

कात्रजच्या बोगद्यापर्यंतच गाडीने दोनदा दम खाल्ला. शिवऱ्याजवळ उड्डाणपुलाच्या चढावर मागच्या ट्रकने असा हॉर्न दिला की मी स्टीअरिंग डावीकडे वळवलं. सर्व्हिस रोडला उतरले आणि पहिलं गॅरेज दिसलं तिथे थांबले.

मेकॅनिक चाळिशीतला, फोन खांद्याने कानाशी दाबून पान्हा फिरवणारा. त्याने दार उघडून गिअरच्या दांडीकडे पाहिलं आणि एखाद्या घरात पाहुण्याला साप दिसावा तसा मागे सरकला.

"ऑटोमॅटिक हाय व्हय ही?"

"हो. चढाला ओढत नाही."

"गिअरबॉक्स गेला हिचा. हितं कुणी हात लावणार न्हाई. विकून टाका, मॅडम."

"तुम्ही बॉनेट तरी उघडा."

"उघडून काय बघायचंय? मालक कुठं हायत? मालकांस्नी बोलवा, त्यांच्याशी बोलतो."

"ते मागून येताहेत," मी म्हटलं.

हे मी का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. पण इतक्या सहज तोंडातून आलं की मीच दचकले. त्याने मान डोलावली, एक खुर्ची झटकून सावलीला ठेवली आणि पुन्हा फोनवर बोलायला लागला. येणाऱ्या माणसाची वाट बघत मी त्या खुर्चीवर चक्क दहा मिनिटं बसले. मग उठले आणि निघाले.

नसरापूर फाटा

फाट्यावर आमचं एक ठरलेलं हॉटेल आहे. पत्र्याची शेड, सहा टेबलं आणि मिसळ अशी की डोळ्यातून पाणी यावं आणि तरी दुसरा पाव मागवावा. वाढणारे मामाही तेच, पिकल्या मिशांचे, डोक्याला रुमाल. त्यांनी मला ओळखलं. टेबल पुसलं आणि जग घेऊन दोन ग्लासांत पाणी ओतलं.

"एकट्याच? सायेब?"

"मागून येताहेत."

"मग त्यांची मिसळ लावू का थांबू?"

"थांबा जरा."

एका सकाळीत दुसऱ्यांदा. समोरचा ग्लास तसाच भरलेला राहिला. मी मिसळ संपवली, तर्री न घेता, कारण तर्री वाढून घ्यायची आणि मग मला द्यायची ही श्रीधरची खोड होती. आमच्या सोसायटीत कुणी कुणाला विचारत नाही. लिफ्टमध्ये सगळे फोनकडे बघतात, आणि मी त्या न विचारण्याला माणुसकी नाही म्हणून नावं ठेवत असे. त्या दिवशी कळलं की न विचारण्याचाही आधार असतो. घाईघाईने निघाले, मामा पाठमोरे असताना.

पाली

नसरापूर सोडलं की रस्ता निवांत होतो. भात कापून झालेलं. काही खाचरांत पेंढ्या पडलेल्या, काही ठिकाणी यंत्रावर झोडणी चाललेली, हवेत सगळीकडे तूस आणि वाळक्या पेंढ्याचा गोड वास. आता तालुक्याला राजगड म्हणायचं असं ठरलंय, पण रस्ता विचारला तर माणसं वेल्ह्याचाच सांगतात. गुंजवणीचं पाणी एका वळणावर चमकलं. "बघ," असं म्हणायला तोंड डावीकडे वळलं आणि परत समोर आलं.

पालीच्या अलीकडच्या चढावर व्हायचं ते झालं. मी पाय दाबत गेले, इंजिन गर्जत गेलं आणि गाडी थांबली. थांबून मागे सरकायला लागली. ब्रेकवर दोन्ही पाय देऊन मी ओरडले. शेजारच्या खाचरात पेंढ्या बांधणाऱ्या दोन बाया कासोटा सावरत धावत आल्या आणि मागच्या चाकांना दगड लावले. त्यातली एक हिराबाईच निघाली.

"अगं बया! ताई तुमी? सोडा, सोडा ब्रेक, आता न्हाई हलत ती."

गाडी तिथेच थंड व्हायला सोडून आम्ही बांधावर बसलो. हिराबाईंनी कळशीतलं पाणी दिलं, पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून हातावर ठेवला. मग रस्त्याच्या खालच्या अंगाला बघत राहिल्या.

"सायेब चालत येत्यात व्हय?"

तिसऱ्यांदा मला ते जमलं नाही. "साहेब गेले, हिराबाई. दोन वर्षं झाली," मी म्हटलं.

त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही, की "कसं झालं" विचारलं नाही. कळशी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "दोन वरसं तुमचं पोतं बाजूला काढून ठिवलं हुतं म्या. म्हनलं, येतीलच. येक कळवायचं तरी हुतं, ताई."

मला त्या बोलण्याचा राग आला, आणि मग स्वतःची लाज वाटली. पुण्यात मी शंभर लोकांना कळवलं होतं. ज्यांच्या घरी आम्ही अकरा वर्षं जेवलो त्यांनाच तेवढं कळवलं नव्हतं, कारण निदान एका गावात तरी श्रीधर जिवंत असावा असं मला वाटत होतं. हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

अर्ध्या तासाने गाडी सुरू केली तर ती काही झालंच नाही अशा थाटात चढ चढून वर आली! हिराबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या. "पुढं तुमचंच मानूस बसूं दे," म्हणाल्या.

जेवायला नव्या तांदळाचा आसट भात, काळ्या घेवड्याची आमटी, तांदळाची भाकरी आणि पाट्यावरचा ठेचा होता. त्यांच्या घरात नव्या तांदळाची रीत ठरलेली आहे. पहिली मूठ देवाला, दुसरी पाहुण्याला, मग घरच्यांना. पाहुणा नसेल तर दुसरी मूठ शेजारी नेऊन देतात, पण क्रम चुकवत नाहीत. आमच्याकडे दुकानातून तांदूळ आला की मी आधी पिशवीवरची तारीख बघते.

रात्र त्यांच्याकडेच काढली. सकाळी पोतं डिकीत टाकताना हिराबाई म्हणाल्या, "भोरला हमीदभाईकडं जावा. आमच्या झोडायच्या मशीनचं इंजान त्योच बघतो. लई वरसं मस्कतला हुता. हात लावायच्या आदी इचारतोच लई, पर कंटाळू नका."

भोर

उतार आणि सकाळचा गारवा, त्यामुळे हमरस्त्यापर्यंत गाडी गुणी बाळासारखी आली. कापूरहोळवरून भोरकडे वळल्यावर एका लहानशा चढाला पुन्हा तेच रडगाणं सुरू झालं. तशीच रखडत रखडत भोरला पोचले.

हमीदभाईंचं गॅरेज म्हणजे घरापुढचं अंगण आणि त्यावर पत्रा. स्वतः साठीचे, पांढरी दाढी, चष्म्याला दोरी. मी आल्या आल्या म्हटलं, "गिअरबॉक्स गेलाय. निदान रविवारपर्यंत चालेल एवढं करा."

"कुनी सांगितलं गेला?"

"शिवऱ्याला एकाने."

"त्यानं उघडून बघितला?"

"नाही."

"मग त्याला कसं कळलं? बसा. मस्कतला अकरा वरसं ऑटोमॅटिकच केल्या. आदी सांगा, आवाज कसा येतो?"

तीस वर्षं माझ्या कानाला हेडफोन होता. मी तो आवाज हुबेहूब काढून दाखवला; आधी चढत जाणारा घूं, मग मध्येच पोकळ झाल्यासारखा. हमीदभाई हसले नाहीत. डोळे मिटून ऐकलं आणि "पुन्यांदा काढा," म्हणाले. गेल्या दोन वर्षांत माझं म्हणणं कुणी दोनदा ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही.

मग प्रश्न सुरू झाले. सकाळी निघताना होतं का, की चालून चालून? चालून. थंड झाली की सुधारते? सुधारते. रिव्हर्स टाकल्यावर लगेच मागे जाते की थांबून? थांबून. कधीपासून? दसऱ्यापासून. मागच्या वर्षी काही झालं होतं? थोडं झालं होतं, दिवाळीच्या सुमाराला, मी थंडीवर घातलं. त्याच्या मागच्या वर्षी? नाही.

"दसरा, दिवाळी," ते स्वतःशीच म्हणाले. "चला, फिरवून आनू."

ते दार उघडून डाव्या सीटवर बसले. त्या माणसाला काय कल्पना! हाताचा तळवा खाली गाडीच्या तळाशी टेकवून ते बसले होते आणि मधून मधून "आता दाबा", "आता सोडा" एवढंच म्हणत होते. गावाबाहेर जाऊन परत आलो. येताना माझ्या लक्षात आलं की शेजारी कुणीतरी असल्याने माझे खांदे खाली आले होते.

परत आल्यावर त्यांनी माझ्या पायाखालची मॅट ओढली. खाली दुसरी मॅट होती, जुनी, ती खराब होऊ नये म्हणून मीच वर नवी टाकलेली. "दोन मॅटी असल्या तर ॲक्सिलरेटर तळाला टेकल कसा? हे येक झालं, पर येवढ्यानं आवाज पोकळ हुईत न्हाई." एअर फिल्टर काढून झटकला; त्यात नेहमीची धूळ होती. मग इंजिन चालूच ठेवून त्यांनी गिअरबॉक्सच्या ऑइलची पट्टी बाहेर ओढली आणि उजेडात धरली.

पट्टीवर खाली दोन खुणा होत्या. ऑइल त्यांच्या कितीतरी वर पोचलं होतं, आणि सरबतावर येतो तसा गुलाबी फेस पट्टीभर चिकटला होता.

"हे कोन घालतं?"

"मी. दर दसऱ्याला, अर्धी बाटली."

"बघून?"

"काय बघायचं?"

मला खरंच माहीत नव्हतं. ती पट्टी म्हणजे मला ऑइल ओतायच्या नळीचं झाकण वाटायचं. श्रीधर ती काढायचा, पुसायचा, पुन्हा घालून काढायचा, मग ऑइल ओतायचा; मी हातात पूजेचं ताट घेऊन उभी असायचे. मला त्यातलं फक्त ओतणं दिसलं होतं. तो गेल्यावर मी तीन दसरे तेवढंच केलं, थंड गाडीत, हळदीकुंकू वाहून.

हमीदभाईंनी समजावलं, मुलांना सांगतात तसं. गिअरबॉक्सचं ऑइल इंजिन चालू ठेवून, गाडी गरम असताना बघायचं. जास्त झालं की आतली चाकं ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाने गिअर धरत नाही. थांबून राहिलं की फेस बसतो, म्हणून गाडी थंड झाल्यावर शहाण्यासारखी वागते. "उपाशी न्हाई तुमची गाडी, बाई. अजीर्न झालंय तिला."

मग ते गाडीखाली शिरले. बराच वेळ टॉर्च हलताना दिसत होता. बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालून.

"पूर्वी गळत हुती ही. जुनं डाग हायत. म्हनून सायेब दरसाल घालीत असतील. पर गळती रोखायचं सील नवं दिसतंय. कुनी बदललं?"

मला आठवलं. तो गेला त्याच वर्षीच्या मे महिन्यात गाडी दोन दिवस गॅरेजला होती, आणि त्या दोन दिवसांत मी त्याला नको नको ते बोलले होते. जुन्या डब्यापायी पैसे घालवतोस, गुडघा दाखवायला जात नाहीस. त्याने मला काही समजावून सांगितलं नाही. नुसता म्हणाला, "आता तुला बघायला नको." मी ते नेहमीसारखं उडवून लावलं. पुढचा दसरा आला तेव्हा विचारायला तो नव्हता.

हे सगळं मी हमीदभाईंना सांगितलं. का, कोण जाणे. ते फडक्याने बोटं पुसत ऐकत होते.

"गळती त्यांनी कवाच थांबवली, बाई," ते म्हणाले. "तुमचं ओतनं थांबलं न्हाई."

त्यांच्या बायकोने गवती चहा आणून दिला आणि माझ्याकडे एकदा बघून नवऱ्याला खुणेने गप्प केलं. मी अंगणातल्या बाकावर बसून रडले. त्यांनी मला रडू दिलं, कुणी पंखा लावला नाही की पाणी पुढे केलं नाही. हमीदभाई बारीक नळी लावून पिचकारीने ऑइल उपसत राहिले. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या भरत गेल्या, एक, दोन, तीन. त्यांनी त्या पायरीवर ओळीने ठेवल्या.

"आता नीट ऐका," ते म्हणाले. "फेस बसल. पर या दोन वरसात आतल्या प्लेटी किती घासल्यात ते म्या सांगू शकत न्हाई. घासल्या असतील तर शिवऱ्यावाला खरा. मांढरदेवीकडं जायच्या रस्त्याला चढ हाय. चढली तर तुमची. न्हाई चढली तर रविवारी देऊन टाका."

"तुम्ही बसा ना शेजारी."

"म्या कशाला? आवाज माझ्याहून तुमाला जास्ती कळतो."

एकटीच गेले. पहिलं वळण, दुसरं वळण. मी काच खाली केली आणि ऐकत राहिले. घूं चढत गेला. मी पोकळपणाची वाट बघत होते. त्या जागी एक हलका धक्का बसला, गिअर पडला आणि गाडी वर निघाली, शांतपणे. चढ संपेपर्यंत मी काही गाडीला थांबवलं नाही. वर एका सपाटीवर उभी केली. खाली नीरेचं खोरं, पलीकडे धरणाचं पाणी, कापलेल्या खाचरांचे पिवळे तुकडे. डावीकडे वळून म्हटलं, "चढली रे." कुणीही ओ दिली नाही. तेव्हा मला अगदी कळलं की मी एकटी आहे, आणि गाडी मीच वर आणली आहे.

मुलाला फोन केला. "रविवारच्या माणसाला येऊ नको म्हणावं."

"का? झाली दुरुस्त?"

"बिघडलीच नव्हती," मी म्हटलं.

परत फाट्यावर

निघताना हमीदभाईंनी पैसे घेतले आणि तीन बाटल्यांतली एकही बरोबर दिली नाही. "ह्या हितंच ऱ्हाऊं द्या. तुमच्या हातात नकोत," म्हणाले. डिकीत हिराबाईंचं पोतं, त्यातली दुसरी मूठ बांधून मी हमीदभाईंच्या घरी ठेवून आले होते.

दुपारी नसरापूर फाट्यावर पोचले. हॉटेलात गर्दी नव्हती. मामांनी तेच टेबल पुसलं आणि हसून रस्त्याकडे मान वळवली.

"आज तरी आलं का सायेब?"

त्यांनी जग उचलून एक ग्लास भरला आणि दुसऱ्यावर धरला.

"तो ओतू नका, मामा," मी म्हटलं. "मी एकटीच आहे."

जग तसाच हवेत राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डाव्या काचेकडे पाहिलं, आणि रिकामा ग्लास उचलून आत घेऊन गेले. मिसळ आली तेव्हा तर्री मी स्वतःच वाढून घेतली.